घरी मोक्सा घ्यायचा तर आधी विझवायला शिका

प्रश्न परळच्या एका ताईंचा आहे. वय ५७, दोन्ही गुडघे दुखतात, पावसाळ्यात जास्तच. अ‍ॅक्युपंक्चरच्या आठ बैठका झाल्या, त्यात सुयांबरोबर मोक्साचा, म्हणजे वाळलेल्या वनस्पतीच्या पेटत्या कांडीचा, शेकही मिळाला आणि बरं वाटलं. आता मुलीने ऑनलाइन दहा कांड्यांचा डबा मागवला आहे. घरी स्वतः घेऊ का, रोज किती वेळ, धुराचं काय करू? घर बाराव्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. यजमानांना मधुमेह आहे, तळपायांना मुंग्या येतात. त्यांनाही शेक द्यावा का? सून आठव्या महिन्यात आहे, बाळ पायाळू आहे. पायाच्या करंगळीला मोक्सा दिला की बाळ फिरतं असं त्यांनी वाचलं आहे, ते खरं का?

ताई, मी उलट्या क्रमाने उत्तर देते, कारण तुमच्या गुडघ्यांची मला सगळ्यांत कमी काळजी वाटते.

सुनेचं आधी. तुम्ही वाचलंत ते अगदीच हवेतलं नाही. करंगळीच्या नखाच्या बाहेरच्या कोपऱ्याशी अ‍ॅक्युपंक्चरचा एक बिंदू आहे, त्याचं नाव ब्लॅडर ६७. चीनमध्ये पहिलटकरणींवर केलेला एक अभ्यास १९९८ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये छापून आला. २६० जणी, ३३ वा आठवडा, सगळ्यांची बाळं पायाळू. मोक्सा घेतलेल्या १३० जणींपैकी ९८ जणींच्या बाळाचं डोकं ३५ व्या आठवड्यापर्यंत खाली आलं होतं. न घेतलेल्या १३० जणींपैकी ६२ जणींचं. फरक आहे, पण दुसरा आकडाही बघा. काही न करता जवळजवळ निम्मी बाळं आपली आपण फिरली. पुढे इटलीत तसाच प्रयोग सुरू केला, तर बऱ्याच बायकांनी मध्येच सोडून दिलं आणि तो आटोपता घ्यावा लागला.

तेव्हा सुनेच्या पायाशी तुम्ही परस्पर कांडी नेऊ नका. तिची प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांना विचारा. वार खाली आहे का, आधीचं सिझेरियन आहे का, पाणी कमी आहे का, मध्ये कधी रक्त गेलं का, हे त्यांना माहीत असतं, मला नाही आणि तुम्हालाही नाही. त्या हो म्हणाल्या तर शिकलेल्या माणसाकडून दोन-तीनदा करून घ्या, मग घरी. त्या नाही म्हणाल्या तर विषय संपला. गरोदरपणात पोटावर, कमरेवर आणि घोट्याच्या आतल्या बाजूला वर चार बोटांवरच्या बिंदूवर मोक्सा द्यायचाच नाही. ती सोफ्यावर बसलेली असताना त्याच खोलीत तुम्ही स्वतःसाठीही पेटवू नका. तिला धूर कशाला?

आता यजमान. त्यांना अजिबात नको. तळपायांना मुंग्या येतात म्हणजे तिथल्या नसांवर साखरेचा परिणाम झाला असण्याची दाट शक्यता आहे. मुंग्यांनंतर येतो बधिरपणा, आणि तो इतका गुपचूप येतो की माणूस मला सगळं कळतं असंच म्हणत राहतो. मोक्सात सुरक्षेचं एकच यंत्र आहे, ते म्हणजे ज्याला शेक घ्यायचा त्याचं ‘बास, लागतंय’ हे वाक्य. ज्याच्या तोंडून ते वेळेवर येणार नाही त्याच्या पायाजवळ निखारा न्यायचा नाही. माझ्याकडे एक गृहस्थ असा फोड घेऊन आले होते. मुलाने प्रेमाने शेक दिला होता, वडील पेपर वाचत होते, दोघांनाही पत्ता नाही. रुपयाएवढा फोड भरून यायला अडीच महिने लागले. आणि ते सुटले असंच मी म्हणेन, कारण मधुमेही पायाची जखम कधी कधी कुठवर जाते ते परळमध्ये, एवढ्या हॉस्पिटलांच्या शेजारी, राहणाऱ्या माणसाला मी सांगायला नको.

गरम पाण्याची पिशवीही त्यांच्या पायाला नको, गरम पाण्यात पाय बुडवून बसणंही नको. मधुमेहाच्या डॉक्टरांना पायाची संवेदना तपासायला सांगा. नायलॉनचा एक बारीक धागा तळव्याला टेकवून बघतात, दुखत नाही, पाच मिनिटांचं काम आहे. मधुमेह नाही, पण पायात रक्त कमी पोचतं, लकव्याने एक बाजू गेली आहे, पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर एखादा भाग बधिर राहिला आहे, अशांनाही हाच नियम. झोपेची गोळी घेतलेला माणूस आणि दोन पेग घेतलेला माणूसही याच रांगेत उभा करा.

तर आता तुमचे गुडघे.

आधी मोक्साकडून अपेक्षा किती ठेवायची ते ठरवू. ही ऊब आहे. झिजलेली कूर्चा ती भरून काढत नाही. गुडघ्याभोवतीचे आखडलेले स्नायू सैल होतात, ठणका काही तास कमी होतो, त्या वेळात तुम्ही मांडीचे व्यायाम नीट करू शकता, आणि मला विचाराल तर खरा फायदा तिथे आहे. यावरचे पुष्कळसे अभ्यास लहान आणि कमी-अधिक दर्जाचे आहेत. त्यामुळे ‘मोक्साने सांधेदुखी मुळापासून जाते’ असं कुणी सांगत असेल तर त्याचा डबा त्यालाच परत द्या. आणि गुडघा लाल, सुजलेला, हाताला गरम लागत असेल, बरोबर ताप असेल, किंवा एकाच पोटरीला सूज येऊन ती दुखत असेल, तर शेक घ्यायचा नाही. डॉक्टरांकडे जायचं, त्याच दिवशी.

वस्तू काय आहे हेही कळू द्या. आपला दवणा माहीत आहे ना, चैत्रात देवाला वाहतो तो? मोक्साची वनस्पती त्याच कुळातली, आर्टेमिसिया. पानांच्या खालच्या बाजूला पांढरी लव असते. पानं वाळवून, मुरवून, कुटून, चाळून तिची कापसासारखी लोकर तयार करतात आणि कागदात घट्ट वळतात. ती तुमची कांडी, साधारण वीतभर लांब आणि अंगठ्याएवढी जाड. चिनी भाषेत या उपचारपद्धतीचं नावच ‘झेन-ज्यू’ आहे, सुई आणि मोक्सा. आपण इकडे अर्ध्याच नावाने ओळखतो.

माझ्याकडे येणारी म्हातारी माणसं कांडी बघितली की विचारतात, ‘डाग देणार का?’ नाही. सुश्रुतसंहितेतलं अग्निकर्म वेगळं, तिथे भाजणं हाच उपचार असतो आणि तो वैद्याने करायचा असतो. मेळघाटात तान्ह्या बाळांच्या पोटावर तापलेल्या लोखंडाने डंबा देतात, तो तर छळ आहे. मोक्सा तुमच्या आईने बाळंतपणात दिलेल्या शेक-शेगडीच्या जवळचा आहे. निखारा अंगापासून लांब, अंगाला लागते ती ऊब. चटका बसला म्हणजे ‘लागू पडलं’ असं नसतं. हात चुकला, एवढाच त्याचा अर्थ.

बिंदूंची फार चिंता नको. गुडघा वाकवला की वाटीच्या खाली दोन्ही बाजूंना दोन खळगे दिसतात, ते दोन. बाहेरच्या खळग्यापासून चार बोटं खाली, नडगीच्या हाडापासून एक बोट बाहेर, तिथे दाबल्यावर गोड दुखतं. तो तिसरा, स्टमक ३६. बास. अर्धा इंच इकडेतिकडे झालं तरी काही बिघडत नाही. अंतर चुकलं की कातडी बिघडते, आणि विझवणं चुकलं की घर. लोक मात्र बिंदूंचे व्हिडिओ तासन्‌तास बघतात आणि विझवायची सोय पेटवल्यावर शोधतात.

म्हणून विझवण्यापासून सुरू करते. मोक्सा अगरबत्तीसारखा विझत नाही. वरून काळा दिसतो, आत निखारा धुमसत असतो. मी हे स्वतः शिकले. प्रॅक्टिस सुरू करून वर्ष झालं नव्हतं. एक कांडी बशीत घासून विझवली, थंड वाटली, कागदी पिशवीत घालून टेबलाच्या खणात ठेवली आणि चहाला गेले. परत आले तर खणातून धूर येत होता, पिशवी जळून गेलेली, लाकूड काळं. खणात बाकी काही नव्हतं म्हणून निभावलं. त्या दिवसापासून माझ्याकडे तांदळाची बरणी आहे. तोंड अरुंद असलेली जाड काचेची बरणी घ्या, तिच्यात कोरडे तांदूळ किंवा वाळू भरा. पेटलेलं टोक दोन-तीन इंच आत खुपसा आणि पंधरा-वीस मिनिटं तशीच उभी राहू द्या. (ते तांदूळ नंतर खिचडीला घ्यायचे नाहीत, हे लिहावं लागतंय कारण एकीने घेतले होते.) मग कांडी बाहेर काढा, टोकाजवळ तळहात धरून बघा, आणि झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घालून डबा रात्रभर कडप्प्याच्या ओट्यावर ठेवा, गॅसपासून लांब. कपाटात नाही, देव्हाऱ्याखाली नाही, कचऱ्याच्या बादलीत तर नाहीच. राखही पाणी शिंपडून दुसऱ्या दिवशी टाका. कांडी मात्र पाण्यात बुडवू नका, फुगून ती वाया जाते. आग खरंच लागली तर मात्र पाणी, आणि १०१.

आता बैठक. खुर्चीत बसा, पलंगावर नको, गादीवर तर नकोच. फोमच्या गादीत पडलेली ठिणगी तुम्हाला दिसणार नाही. नायलॉनचा गाऊन नको, सुती साडी किंवा सुती पायजमा गुडघ्यावर घेतलेला. पदर खोचलेला, केस बांधलेले. मांडीवर आणि पायाखाली ओला करून पिळलेला टॉवेल. उजव्या हाताला बरणी आणि राखेसाठी स्टीलची वाटी. गुडघ्याला आधी बाम किंवा तेल लावलं असेल तर साबणाने धुऊन पुसा. बामावर शेक फार चटकन भाजतो. अंगावर औषधाची पट्टी चिकटवलेली असेल, दुखण्याची असो की हृदयाची, तर तिच्या आसपास शेक नको. उष्णतेने औषध एकदम जास्त प्रमाणात रक्तात जातं. घरात कुणाला ऑक्सिजनचं मशिन लागत असेल तर मोक्सा घरी आणूच नका. सॅनिटायझर हाताला लावून लगेच पेटवू नका.

मेणबत्तीवर किंवा लायटरने टोक सगळीकडून सारखं लाल होईपर्यंत पेटवा, ज्योत उठली तर फुंकून घालवा. मग कांडी तिरकी धरा, सरळ गुडघ्याच्या डोक्यावर उभी नको, कारण राख पडते ती खालीच पडते. अंतर दोन ते तीन सेंटिमीटर, म्हणजे दोन बोटं आडवी मावतील इतकं. डाव्या हाताची दोन बोटं बिंदूच्या दोन्ही बाजूंना टेकवून ठेवा. गुडघ्याला कळायच्या आधी बोटांना कळतं. गोड ऊब वाटली की तिथेच थांबा. टोचल्यासारखं, चुरचुरल्यासारखं झालं की लगेच दूर घ्या, मोजत बसू नका. एका जागी स्थिर धरणं जमत नसेल तर छोटी गोल गोल फिरवा, किंवा चिमणी दाणे टिपते तशी खाली-वर करा. चिनी वैद्यही त्याला चिमणीचंच नाव देतात. राख एक सेंटिमीटर झाली की वाटीत झटका. या एका सवयीवर निम्मे अपघात टळतात.

जवळ आणायचा मोह होतो, हे मला ठाऊक आहे. पाच मिनिटांनी कातडी सरावते आणि मघाची ऊब कमी वाटायला लागते. इथेच लोक भाजतात. साधारण ४४ अंश सेल्सिअसला त्वचा कित्येक तास तग धरते, ६० अंशाला पाचेक सेकंदांत भाजते. कांडीच्या टोकाचं तापमान कित्येकशे अंश असतं, म्हणजे मधलं दोन-तीन सेंटिमीटर हवेचं अंतर हेच तुमचं संरक्षण. कमी वाटलं तर कमी वाटू द्या.

परदेशी पुस्तकांत लिहिलेलं असतं, त्वचा गुलाबी झाली की थांबा. आपल्या सावळ्या कातडीवर तो गुलाबीपणा दिसतच नाही, आणि दिसायची वाट बघेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून डोळ्यांवर जाऊ नका. दर मिनिटाला कांडी बाजूला घेऊन बोटाच्या मागच्या बाजूने जागा चाचपा. कोमट आणि किंचित दमट लागली तर ठीक, गरम आणि कोरडी लागली तर पुरे. एका बिंदूला सुरुवातीला पाच मिनिटं, दोन्ही गुडघे मिळून वीस मिनिटांच्या वर नाही. आठवड्यातून दोनदा-तीनदा, रोज नको. वर्षानुवर्षं एकाच जागी शेक घेतला की जाळीसारखे तपकिरी डाग उठतात, गरम पिशवी रोज घेणाऱ्यांच्या पोटावर दिसतात तसे. ते दिसले तर शेक बंद करा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. जेवल्या जेवल्या नको, उपाशीपोटी नको, ताप असताना नको. चतुर्थीचा उपास असेल त्या दिवशी सुट्टी घ्या.

टीव्ही बघत करायचं नाही. मोबाइल दुसऱ्या खोलीत.

धूर. मोक्साचा धूर औषधी असतो असं म्हणणारे आहेत. मी रोज बारा माणसांना शेक देते, माझ्या फुप्फुसांना विचारा. धूर तो धूरच, त्यात बारीक कण असतात, कार्बन मोनॉक्साइडही असतो. घरात कुणाला दमा असेल, लहान बाळ असेल, पिंजऱ्यात पोपट किंवा लव्हबर्ड्‌स असतील तर धुराची कांडी नको. तुमच्याकडे दोन्ही खिडक्या समोरासमोर उघडतात का? उघडत असतील तर वारा ज्या खिडकीतून बाहेर जातो तिच्याजवळ बसा. एसी लावून, दारं बंद करून कधीच नाही. पंखा बंद, कारण राख उडते. मे महिन्यात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात पंखा बंद करून वीस मिनिटं बसणं हीच शिक्षा, तेव्हा सकाळी सातच्या आत उरका किंवा ते महिने सोडून द्या. गुडघेही तेव्हा कमी कुरकुरतात. छतावर धुराचा सेन्सर असेल तर त्यावर पिशवी बांधायची युक्ती कुणी सांगेल, ऐकू नका. बाराव्या मजल्यावर तो सेन्सर तुमच्या गुडघ्यांपेक्षा महत्त्वाचा आहे.

शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. मोक्साचा वास गांजासारखा येतो. माझ्या जुन्या जागेत पहिल्याच आठवड्यात वॉचमन वर आला होता, मागे सोसायटीचे सेक्रेटरी. टेबलावर पालथ्या झोपलेल्या ७२ वर्षांच्या आजी बघून दोघेही ओशाळले. सेक्रेटरींची बायको आता माझ्याकडेच येते.

बिनधुराची कांडी मिळते, ती कोळशाची केलेली, काळी आणि टणक. दोन खोल्यांच्या घरात तीच बरी, पण बिनधुराची म्हणजे बिनविषारी असं समजू नका; कार्बन मोनॉक्साइड तिच्यातूनही निघतो आणि त्याला वास नसतो, म्हणून खिडकी उघडी हवीच. ती पेटायला वेळ घेते, जास्त तापते आणि विझायला फार वेळ लावते. बरणीत अर्धा तास ठेवा.

चिकटवायचे छोटे मोक्सा, खाली पुठ्ठा असलेले, सोपे वाटतात. माझ्याकडे आलेल्या फोडांपैकी सगळ्यांत जास्त त्यांचे होते. कारण साधं आहे, धूर थांबला की लोकांना वाटतं संपलं, पण निखारा तळाशी पोचतो तेव्हाच तो सगळ्यांत गरम लागतो. आत मोक्सा पेटवलेली लाकडी पेटी पोटावर ठेवून आडवं पडायची पद्धत मी एकट्या माणसाला सांगतच नाही. ऊब मिळाली की झोप लागते.

पावसाळ्यात तुमचे गुडघे जास्त दुखणार आणि नेमक्या तेव्हाच कांड्या दमट होणार. दमट कांडी नीट पेटत नाही, मध्येच विझते, लोकर सैल पडून पेटलेला तुकडा गळतो. हवाबंद डब्यात ठेवा, बरोबर औषधांच्या बाटलीत येतात त्या सिलिकाच्या दोन पुड्या टाका. दाबून बघा, मऊ लागली तर टाकून द्या. त्या दिवशी तव्यावर गरम केलेल्या जाड्या मिठाची पुरचुंडी घ्या. खरं सांगायचं तर निम्म्या लोकांना मी तीच सांगते.

चेहऱ्याला, डोळ्यांजवळ, स्तनाग्रांना, जखमेवर, पुरळावर, फुगलेल्या निळ्या शिरांवर मोक्सा नाही. तुमच्या पोटऱ्यांवर अशा शिरा असतील तर स्टमक ३६ सोडा, दोन खळगेच घ्या.

तरी भाजलंच तर? नळाचं साधं पाणी, वीस मिनिटं, घड्याळ लावून. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही, शाई नाही. फोड आला तर फोडायचा नाही, स्वच्छ सुती कापड सैल बांधायचं. फोड मोठा असेल, पाणी गढूळ झालं किंवा भोवती लाल पसरत गेलं, तर डॉक्टर. यजमानांना चुकून जरी ठिणगी लागली तरी त्याच दिवशी डॉक्टर, फोड असो वा नसो.

तुमच्या थेरपिस्टकडे एक बैठक मागून घ्या, फक्त शिकायला. कांडी तुमच्या हातात, गुडघा तुमचा, ते नुसते बघतील. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आहे आणि परिषदेकडे नोंदणी असते. ती आहे का हे विचारायला संकोच नको.

आणि घरी पहिल्या दिवशी कांडी पेटवूच नका. खुर्ची खिडकीशी लावा, टॉवेल पिळून घ्या, वाटी, बरणी, सगळं मांडा. न पेटवलेली कांडी दहा मिनिटं दोन बोटांच्या अंतरावर धरून बसा. हात कधी थरथरतो, मनगट कधी खाली येतं, दाराची बेल वाजली तर कांडी कुठे खुपसायची, हे बघा. मुलीला समोर बसवा. किती वेळा कांडी गुडघ्याला टेकली ते तिला मोजू द्या. तीनपेक्षा जास्त वेळा टेकली तर दुसऱ्या दिवशीही पेटवू नका.